गोंदिया जिल्ह्यातील सामान्य कुटुंबे आणि शासकीय आरोग्य विमा : एक ऐतिहासिक अभ्यास (१९७६ ते २०२४)

प्रस्तावना

आजार ही मानवी जीवनातील अपरिहार्य घटना असली तरी आजाराचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न इतिहासाच्या प्रत्येक टप्प्यावर वेगवेगळ्या रीतीने सोडविला गेला आहे. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात १८८३ साली कामगारांसाठी आजारपणाच्या विम्याचा कायदा झाला. ब्रिटनने १९४८ साली करातून चालणारी राष्ट्रीय आरोग्य सेवा उभारली. अमेरिकेत २०१० च्या कायद्याने विम्याची कक्षा रुंदावण्याचा प्रयत्न झाला व त्यावरील वाद पुढील काळातही चालू राहिला. भारताने स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ च्या भोर समितीच्या अहवालातून, शासकीय दवाखान्यांच्या जाळ्याचा मार्ग स्वीकारला होता. तथापि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत या मार्गाला समांतर असा दुसरा मार्ग निर्माण झाला. शासनाने विमा कंपनीस हप्ता द्यावा व गरीब कुटुंबाने खाजगी किंवा शासकीय रुग्णालयात रोख रक्कम न देता उपचार घ्यावेत, असे या मार्गाचे स्वरूप आहे.

महाराष्ट्रातील या स्थित्यंतराचा विचार बहुधा राज्याच्या एकूण आकडेवारीवरून केला जातो. प्रस्तुत लेखात तो राज्याच्या पूर्व टोकावरील गोंदिया जिल्ह्याच्या दृष्टिकोनातून केला आहे. एखादी योजना मुंबईत जाहीर होणे आणि तिचा लाभ सालेकसा किंवा अर्जुनी मोरगाव तालुक्यातील कुटुंबापर्यंत पोहोचणे, यांत काळाचे, कागदपत्रांचे आणि अंतराचे जे टप्पे येतात, त्यांचा मागोवा घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) गोंदिया जिल्ह्यातील सामान्य कुटुंबांना लागू झालेल्या आरोग्यसंरक्षण योजनांचा कालानुक्रमे आढावा घेणे.

२) या योजनांतील पात्रतेचे निकष कसे बदलत गेले व त्यांचा जिल्ह्यावर कोणता परिणाम झाला, हे तपासणे.

३) विम्याची कक्षा रुंदावल्यानंतरही कुटुंबाच्या खिशातून होणारा खर्च कोणत्या स्वरूपात शिल्लक राहिला, याचे विश्लेषण करणे.

लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून शासकीय योजनांचे प्रसिद्ध तपशील, जनगणना आणि राष्ट्रीय नमुना पाहणी या दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे. खर्चाची आकडेवारी देशपातळीवरील आहे. ती जिल्ह्याची आकडेवारी म्हणून मांडलेली नसून प्रश्नाचे प्रमाण लक्षात यावे, एवढ्यासाठीच दिली आहे.

जिल्ह्याची पार्श्वभूमी

भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव हे या जिल्ह्याचे आठ तालुके होत. उत्तरेस मध्य प्रदेशातील बालाघाट, पूर्वेस छत्तीसगड आणि दक्षिणेस गडचिरोली जिल्हा अशा सीमांमुळे या जिल्ह्याचे स्थान त्रिवेणी स्वरूपाचे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १३,२२,५०७ होती. त्यांपैकी सुमारे ८३ टक्के लोक ग्रामीण भागात राहत होते व सुमारे १६ टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते.

धान हे जिल्ह्याचे प्रमुख पीक आहे. माजी मालगुजारी तलाव, बोड्या व इटियाडोहसारखे प्रकल्प असूनही शेतीचा मुख्य भार खरीप हंगामावरच राहिला. धानाची रोवणी व कापणी या दोन काळांत मजुरी मिळते. उन्हाळ्यात तेंदूपत्ता व मोहफूल संकलनाचा आधार असतो. राईस मिल आणि विडी उद्योग यांनी गोंदिया शहरास व्यापारी महत्त्व दिले. या सर्व उत्पन्नांचे एक समान वैशिष्ट्य आहे. ते हंगामी व रोजंदारीचे आहे आणि माणूस अंथरुणाला खिळताच ते थांबते. त्यामुळे येथील कुटुंबावर आजारपणाचा आघात दुहेरी होतो. एकीकडे खर्च वाढतो आणि त्याच वेळी मिळकत बंद पडते. विमा योजनांचे मूल्यमापन करताना ही बाब सतत लक्षात ठेवणे आवश्यक ठरते.

विम्यापूर्वीचा काळ

महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कार्यरत झाल्या आणि ग्रामीण प्राथमिक आरोग्य केंद्रांचा कारभार त्यांच्याकडे आला. तेव्हाच्या भंडारा जिल्ह्याचा पूर्व भाग म्हणजे आजचा गोंदिया जिल्हा. सर्वसाधारण भागात ३०,००० लोकसंख्येमागे आणि आदिवासी व डोंगराळ भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा देशपातळीवरील निकष पुढे रूढ झाला. या व्यवस्थेत रुग्णाला पात्रता सिद्ध करावी लागत नव्हती. जो दारात येईल त्याला जे उपलब्ध असेल ते द्यावयाचे, असे तिचे तत्त्व होते. तिची मर्यादाही याच तत्त्वात होती. लसीकरण, प्रसूती, हिवताप, क्षयरोग यांसाठी ही व्यवस्था उपयुक्त ठरली. परंतु हृदयाची शस्त्रक्रिया, मूत्रपिंडाचा विकार किंवा कर्करोग उद्भवल्यास ‘नागपूरला न्या’ हाच सल्ला मिळत असे. रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर अंतरावरील नागपूर हे या भागाचे वैद्यकीय केंद्र होते.

याच काळात नोकरदार वर्गासाठी वेगळी तरतूद होती. शासकीय कर्मचाऱ्यांना वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती मिळे. १९४८ च्या कायद्यान्वये संघटित कारखान्यांतील कामगारांना राज्य विम्याचे संरक्षण होते. १९८६ साली सार्वजनिक क्षेत्रातील विमा कंपन्यांनी मेडिक्लेम पॉलिसी आणली. पण ती हप्ता भरू शकणाऱ्या शहरी मध्यमवर्गापुरतीच मर्यादित राहिली. धान पिकविणारा शेतकरी, शेतमजूर आणि घरी विड्या वळणारी स्त्री या तिघांनाही या व्यवस्थांत स्थान नव्हते.

पहिले ओळखपत्र : विडी कामगार

असंघटित कामगारांसाठी आरोग्यविषयक तरतुदीचा एक प्रारंभिक प्रयत्न विडी उद्योगात झाला. १९७६ साली विडी कामगार कल्याण निधी कायदा संमत झाला. विडीवरील उपकरातून निधी उभारावा व त्यातून कामगारांसाठी दवाखाने, शिष्यवृत्त्या, घरकुले यांची सोय करावी, अशी ही योजना होती. क्षयरोग, कर्करोग, हृदयविकार यांसारख्या आजारांच्या उपचारांसाठीही या निधीतून साहाय्य देण्याची तरतूद करण्यात आली. तंबाखूच्या धुळीत आयुष्य काढणाऱ्या कामगारांच्या दृष्टीने ही तरतूद महत्त्वाची होती.

मात्र लाभासाठी कामगाराजवळ ओळखपत्र असणे आवश्यक होते. विडीचे काम बहुतांशी घरी बसून होते. कारखानदार आणि कामगार यांच्यामध्ये सट्टेदार असतो. तो पाने व तंबाखू देतो आणि तयार विड्या मोजून घेतो. अशा रचनेत कोण कोणाचा कामगार, हेच सिद्ध करणे कठीण असते. एकाच घरातील सासू, सून व मुलगी विड्या वळीत असल्या तरी नोंद एकीच्याच नावे असू शकते. परिणामी जिचे श्रम आहेत पण नाव नाही, ती योजनेबाहेर राहते. ‘आजार आहे, परंतु कागद नाही’ या समस्येचे हे पहिले रूप होय. पुढील प्रत्येक योजनेत ती नव्या स्वरूपात आढळते. २०१७ साली वस्तू व सेवा कर लागू होताना विडीवरील हा कल्याण उपकर रद्द झाला आणि निधीचा स्वतंत्र स्रोतही संपला.

शिधापत्रिकेचा रंग

१ मे १९९९ ही तारीख गोंदियाच्या इतिहासात जिल्हानिर्मितीची तारीख म्हणून नोंदली गेली आहे. त्याच दिवसापासून राज्यात तीन रंगांच्या शिधापत्रिकांची योजना अमलात आली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना पिवळी, वार्षिक उत्पन्न एक लाख रुपयांपर्यंत असणाऱ्यांना केशरी आणि त्यापेक्षा अधिक उत्पन्न असणाऱ्यांना पांढरी शिधापत्रिका देण्यात येऊ लागली. ही विभागणी धान्यवितरणासाठी होती. पुढे तिच्यावरून शस्त्रक्रियेची पात्रता ठरेल, असे त्या वेळी कोणाच्या ध्यानीमनीही नसावे.

तत्पूर्वी १९९७ साली राज्य शासनाने जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली होती. दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना हृदय, मेंदू, मूत्रपिंड इत्यादींच्या ठरावीक गंभीर आजारांसाठी अर्थसाहाय्य देणारी ही योजना होती. तिला विमा म्हणता येत नाही. कारण प्रत्येक प्रकरणात अर्ज, प्रमाणपत्रे व मंजुरी आवश्यक होती. केंद्र शासनाने २००३ साली सार्वत्रिक आरोग्य विमा योजना जाहीर केली. व्यक्तीसाठी वर्षाला ३६५ रुपये, म्हणजे दिवसाला एक रुपया हप्ता आणि ३०,००० रुपयांचे संरक्षण, असे तिचे स्वरूप होते. हप्त्यात सवलत असूनही गरीब कुटुंबांनी तिच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. आजार नसताना पैसे भरावयाचे ही कल्पना हंगामी उत्पन्नावर जगणाऱ्या कुटुंबास परवडणारी नव्हती. या अनुभवानंतर १ एप्रिल २००८ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत हप्ता शासनाने भरण्याचे तत्त्व स्वीकारले गेले. कुटुंबाने केवळ ३० रुपये नोंदणी शुल्क भरावे आणि पाच व्यक्तींपर्यंतच्या कुटुंबास ३०,००० रुपयांचे संरक्षण मिळावे, अशी ती योजना होती. पुढे विडी कामगारांनाही तिच्या कक्षेत आणण्यात आले. तथापि ३०,००० रुपयांत मोठी शस्त्रक्रिया होणे शक्य नव्हते.

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आणि दोन खरीप हंगामांची प्रतीक्षा

आंध्र प्रदेशात २००७ साली आरंभ झालेल्या आरोग्यश्री योजनेच्या धर्तीवर महाराष्ट्र शासनाने २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली. पिवळी व केशरी शिधापत्रिका असणाऱ्या कुटुंबांना वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अडीच लाख रुपयांपर्यंत संरक्षण देण्यात आले. राज्यातील दोन कोटींहून अधिक कुटुंबे पात्र ठरली. प्रत्येक कुटुंबामागे ३३३ रुपये वार्षिक हप्ता शासन राष्ट्रीयीकृत विमा कंपनीस देणार होते. कुटुंबास काहीही भरावे लागत नव्हते. केवळ दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांवर न थांबता केशरी कार्डधारकांनाही सामावून घेणे, हा या योजनेचा मोठा विशेष होता. उपचाराच्या एका अनर्थाने दारिद्र्यात ढकलला जाणारा वर्ग नेमका हाच आहे.

पहिल्या टप्प्यात गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई व मुंबई उपनगर या आठ जिल्ह्यांची निवड झाली. गोंदियाचा त्यांत समावेश नव्हता. राज्यातील उर्वरित जिल्ह्यांबरोबर गोंदियास २१ नोव्हेंबर २०१३ पासून योजना लागू झाली. या अंतराचा अर्थ सीमेवर अधिक स्पष्ट होतो. अर्जुनी मोरगाव तालुक्याला लागूनच गडचिरोली जिल्ह्याची हद्द सुरू होते. दोन्हीकडे धानच पिकते, बोली व नातेसंबंधही एकच आहेत आणि गंभीर आजारात दोन्हीकडचे रुग्ण नागपूरलाच जातात. असे असूनही २०१२ व २०१३ च्या दोन्ही खरीप हंगामांत हद्दीच्या एका बाजूचे केशरी कार्ड रुग्णालयात चालत होते आणि दुसऱ्या बाजूचे तेच कार्ड केवळ स्वस्त धान्य दुकानात चालत होते. नव्या योजनेची काही जिल्ह्यांत चाचणी घेणे प्रशासकीयदृष्ट्या समर्थनीय आहे. परंतु त्या सोळा महिन्यांत ज्यांच्या घरी आजार आला, त्यांना मागाहून भरपाई देण्याची व्यवस्था अशा टप्प्याटप्प्याच्या रचनेत नसते, ही गोष्ट इतिहासाने नोंदविणे आवश्यक आहे.

योजनेची कार्यपद्धती वैशिष्ट्यपूर्ण होती. संलग्न रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ हा कर्मचारी रुग्णाची शिधापत्रिका व छायाचित्र असलेले ओळखपत्र तपासे, संगणकावर नोंद करी आणि पूर्वपरवानगी मिळाल्यानंतर उपचार सुरू होत. उपचारांच्या ठरलेल्या दरात खाट, तपासण्या, औषधे, भोजन आणि घरी परतण्यासाठी एस.टी. किंवा रेल्वेच्या द्वितीय वर्गाचे एक वेळचे भाडे अंतर्भूत होते. रुग्णालयातून सुटी मिळाल्यानंतर दहा दिवसांपर्यंतच्या औषधांचीही तरतूद होती. परतीच्या भाड्याचा विचार करणारी ही योजना ग्रामीण वास्तवाची काही जाण ठेवणारी होती, हे मान्य करावे लागते. मात्र रुग्णासोबत आलेल्या नातेवाइकाचे नागपुरातील राहणे व जेवण, त्याची बुडालेली मजुरी आणि निदान होण्यापूर्वीच्या फेऱ्या हा खर्च कोणत्याही दरपत्रकात बसणारा नव्हता.

२०१७ : चौदा जिल्हे आणि पांढरे कार्ड

२ एप्रिल २०१७ पासून ही योजना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने राबविण्यात येऊ लागली. याच वेळी कक्षेत एक महत्त्वाची वाढ झाली. शेतकरी आत्महत्याग्रस्त म्हणून निश्चित केलेल्या चौदा जिल्ह्यांतील पांढऱ्या शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांनाही सातबारा उताऱ्याच्या आधारे लाभ देण्यात आला. मराठवाड्यातील आठ, अमरावती विभागातील पाच आणि नागपूर विभागातील वर्धा असे हे चौदा जिल्हे होते.

गोंदिया पुन्हा या यादीबाहेर राहिले. यादीमागील कारण स्पष्ट होते. कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यांतील आत्महत्यांचे संकट तीव्र होते व त्यास प्राधान्य देणे न्याय्यच होते. तथापि आत्महत्यांच्या संख्येवरून आरोग्य विम्याची पात्रता ठरविणे म्हणजे एका संकटाच्या मापाने दुसरे संकट मोजणे होय. पूर्व विदर्भातील धान उत्पादक शेतकऱ्याचा हृदयविकार वर्ध्याच्या शेतकऱ्याच्या हृदयविकारापेक्षा स्वस्त नव्हता. येथे आणखी एक बाब विचारात घ्यावी लागते. केशरी व पांढऱ्या कार्डांमधील एक लाख रुपयांची सीमारेषा १९९९ ची होती. महागाई वाढली, मजुरी वाढली, धानाचे हमीभाव वाढले. परंतु सीमारेषा तेथेच राहिली. त्यामुळे उत्पन्नात प्रत्यक्ष वाढ न होताही कुटुंबे कागदोपत्री ‘सधन’ ठरू शकत होती. पांढरे कार्ड मिळणे ही एके काळी प्रतिष्ठेची बाब होती. विमा योजनेनंतर तीच अडचणीची बाब झाली.

केंद्रीय योजना, महासाथ आणि सार्वत्रिकतेकडे वाटचाल

२३ सप्टेंबर २०१८ रोजी आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सुरू झाली. तिने कुटुंबामागे पाच लाख रुपयांचे संरक्षण दिले. पात्रतेसाठी मात्र शिधापत्रिकेऐवजी २०११ ची सामाजिक, आर्थिक व जात जनगणना आधारभूत मानली. महाराष्ट्रातील सुमारे ८४ लाख कुटुंबे तिच्यात बसली. अनुसूचित जातिजमातींची व भूमिहीन मजुरांची कुटुंबे ग्रामीण निकषांत असल्याने देवरी, सालेकसा यांसारख्या तालुक्यांच्या दृष्टीने ही योजना उपयुक्त होती. परंतु येथे अर्ज करण्याची सोय नव्हती. सात वर्षांपूर्वीच्या यादीत नाव असेल तर कुटुंब पात्र, नसेल तर अपात्र, असा हा प्रकार होता. अशा रीतीने एकाच गावात शेजारी राहणाऱ्या तीन कुटुंबांपैकी एकास पाच लाखांचे, दुसऱ्यास दीड लाखाचे आणि पांढरे कार्ड असणाऱ्या तिसऱ्यास कोणतेच संरक्षण नाही, अशी त्रिस्तरीय स्थिती निर्माण झाली. १ एप्रिल २०२० पासून राज्यात दोन्ही योजना एकत्रितपणे राबविण्यात येऊ लागल्या. तरी संरक्षणाच्या रकमेतील हा भेद कायम राहिला.

कार्डाच्या रंगाची भिंत प्रथम महासाथीने ओलांडली. २३ मे २०२० च्या शासन निर्णयाने राज्यातील सर्व नागरिकांना, शिधापत्रिकेचा रंग न पाहता, फुले योजनेचा लाभ तात्पुरत्या स्वरूपात देण्यात आला. साथरोग कार्ड पाहून येत नाही, ही साधी गोष्ट या निर्णयामागे होती. वस्तुतः कर्करोग किंवा सर्पदंशही कार्ड पाहून येत नाही. परंतु हे तत्त्व कायमस्वरूपी स्वीकारले जाण्यास आणखी तीन वर्षे लागली. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने सर्व शिधापत्रिकाधारक व अधिवासी कुटुंबांना पाच लाख रुपयांचे संरक्षण मंजूर झाले. उपचारांची संख्या १,३५६ करण्यात आली आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा साडेचार लाख रुपये झाली. १ जुलै २०२४ पासून विस्तारित योजनेची अंमलबजावणी सुरू झाली. गोंदियातील पांढरे कार्डधारक शेतकरी अशा रीतीने चौदा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांपेक्षा सुमारे सात वर्षांनी नियमित कक्षेत आला.

खर्चाचा हिशेब

संरक्षणाची कक्षा रुंदावली म्हणजे खर्च संपला, असे गृहीत धरता येत नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७१ व्या फेरीनुसार २०१४ साली ग्रामीण भारतात रुग्णालयात दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च १४,९३५ रुपये होता. २०१७-१८ च्या ७५ व्या फेरीत तो १६,६७६ रुपये झाला. याच फेरीनुसार ग्रामीण भागात शासकीय रुग्णालयातील सरासरी खर्च ४,२९० रुपये, तर खाजगी रुग्णालयातील २७,३४७ रुपये होता. २०१७-१८ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २०१ रुपये होती. या मजुरीने हिशेब केल्यास शासकीय रुग्णालयातील एक आजारपण म्हणजे सुमारे २१ दिवसांची आणि खाजगी रुग्णालयातील आजारपण म्हणजे सुमारे १३६ दिवसांची मजुरी होते. केंद्रीय कायद्यानुसार रोजगाराची हमी वर्षाला १०० दिवसांचीच होती. म्हणजेच खाजगी रुग्णालयातील एक सरासरी आजारपण ग्रामीण कुटुंबाच्या वर्षभराच्या हमी रोजगारालाही पुरून उरत होते.

याच पाहणीत ग्रामीण भागातील केवळ १४ टक्के लोकांना कोणत्याही प्रकारचे आरोग्यसंरक्षण असल्याचे आढळले. केंद्रीय योजना तोवर सुरू व्हावयाची होती, हे लक्षात घेतले तरी आणखी एक मुद्दा उरतो. राज्यातील योजनेत कुटुंबास पॉलिसी मिळत नव्हती, हप्त्याची पावती मिळत नव्हती. शिधापत्रिका हीच विम्याचा दाखला होती. ज्याने काही भरले नाही व ज्याच्या हाती नवे काही आले नाही, त्याला आपण विमाधारक आहोत याची जाणीव असेलच असे नाही. अशी जाणीव नसलेला रुग्ण प्रथम जवळच्या खाजगी दवाखान्यात जातो, उसनवारी करतो, दागिने गहाण ठेवतो आणि पैसा संपल्यानंतर संलग्न रुग्णालयाकडे वळतो. विम्याचा लाभ त्याला मिळतो खरा; परंतु तोवर कर्ज झालेले असते.

दुसरी मर्यादा योजनेच्या मूळ रचनेतच आहे. ही योजना खाटेवर पडलेल्या रुग्णासाठी आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चातील लोकांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट स्वागतार्ह आहे. परंतु उरलेल्या खर्चात बाह्यरुग्ण उपचार व औषधे यांचा भार मोठा आहे आणि दाखल रुग्णाचा विमा त्यास स्पर्श करीत नाही. पूर्व विदर्भात आढळणाऱ्या सिकलसेल आजाराचे उदाहरण येथे बोलके ठरते. भारतात या आजाराची प्रथम नोंद १९५२ साली निलगिरी भागात झाली व पुढे मध्य भारतातील अनुसूचित जमाती व जातींमध्येही तो आढळला. या आजारात एखाद्या शस्त्रक्रियेने प्रश्न सुटत नाही. आयुष्यभर गोळ्या, तपासण्या, प्रसंगी रक्त आणि वारंवार होणाऱ्या वेदनांमुळे बुडणारे कामाचे दिवस, असा त्याचा खर्च असतो. लाखांत मोजल्या जाणाऱ्या संरक्षणापेक्षा अशा रुग्णाला प्राथमिक आरोग्य केंद्रात नियमित मिळणारी गोळी अधिक मोलाची असते. १ जुलै २०२३ रोजी शेजारच्या मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. या आजाराचा मुख्य भार प्राथमिक स्तरावरच पेलावा लागतो, हे या अभियानाच्या तपासणीप्रधान स्वरूपावरूनही दिसून येते.

अंतर आणि शासकीय रुग्णालय

विमा रुग्णाला खरेदीची क्षमता देतो. परंतु जे जवळ उपलब्धच नाही ते तो निर्माण करीत नाही. विशेषोपचार देणारी रुग्णालये प्रामुख्याने नागपुरात एकवटल्यामुळे गोंदियातील विमाधारकाचे कार्ड दीर्घकाळ नागपूरच्या प्रवासाशी बांधलेले राहिले. या दृष्टीने २०१६ साली गोंदिया येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू होणे ही जिल्ह्याच्या आरोग्येतिहासातील महत्त्वाची घटना होय. कुंवर तिलकसिंह सामान्य रुग्णालय आणि बाई गंगाबाई महिला रुग्णालय ही शहरातील जुनी रुग्णालये महाविद्यालयाशी संलग्न झाली. बालाघाट व छत्तीसगडच्या सीमाभागातील रुग्णांसाठीही गोंदिया हे पूर्वीपासून जवळचे केंद्र आहे.

याच संदर्भात राज्य शासनाच्या आणखी एका निर्णयाचा उल्लेख आवश्यक आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क करण्यात आले. विम्याच्या मार्गापेक्षा हा मार्ग वेगळा आहे. कारण येथे कार्ड, पूर्वपरवानगी व उपचारांची यादी यांची गरज नाही आणि बाह्यरुग्णही त्यात येतो. मात्र हा निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांपुरता होता. वैद्यकीय शिक्षण विभागाच्या अखत्यारीतील महाविद्यालयीन रुग्णालये त्यात नव्हती. ज्या जिल्ह्यातील प्रमुख रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडले गेले, तेथील रुग्णाच्या दृष्टीने या विभागीय भेदाला अर्थ नसतो. त्याच्या लेखी ते ‘सरकारी दवाखाना’च असते. एका सुधारणेने रुग्णालयाचा दर्जा वाढावा आणि त्याच कारणाने दुसऱ्या सुधारणेचा लाभ तेथे पोहोचू नये, ही विसंगती धोरणकर्त्यांनी विचारात घेण्याजोगी आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) १९७६ ते २०२४ या काळात गोंदियातील सामान्य कुटुंबाच्या आरोग्यसंरक्षणाची कक्षा निश्चितपणे रुंदावली. विडी कामगारांपासून सुरू झालेली ही वाटचाल सर्व कुटुंबांपर्यंत आली, हे मोठे यश आहे.

२) या संपूर्ण काळात पात्रता ठरली ती आजारावरून नव्हे, तर कागदावरून. ओळखपत्र, शिधापत्रिकेचा रंग, जनगणनेची यादी असे कागद बदलत गेले आणि प्रत्येक कागदाने काही गरजू कुटुंबांना बाहेर ठेवले.

३) गोंदिया जिल्ह्यास २०१२ व २०१७ अशा दोन वेळा प्रतीक्षा करावी लागली. टप्प्याटप्प्याने येणाऱ्या सुधारणांची किंमत यादीबाहेरील जिल्ह्यांतील रुग्णांनी मोजली.

४) विम्याने मोठ्या शस्त्रक्रियांच्या खर्चाचा धोका कमी केला, परंतु बाह्यरुग्ण उपचार, औषधे, प्रवास आणि बुडालेली मजुरी हा खर्च कुटुंबावरच राहिला.

५) आदिवासी व ग्रामीण बहुल जिल्ह्यात विमा हा प्राथमिक आरोग्य केंद्राचा पर्याय ठरू शकत नाही. तो त्याचा पूरक घटकच होऊ शकतो.

यावरून काही सूचना पुढे येतात. गावपातळीवर आशा कार्यकर्ती व ग्रामपंचायत यांच्यामार्फत प्रत्येक कुटुंबास आपल्या हक्काची व जवळच्या संलग्न रुग्णालयाची माहिती आजारापूर्वीच मिळावी. दीर्घकालीन आजारांची औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रात अखंड उपलब्ध असावीत. निःशुल्क उपचारांचा निर्णय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांसही लागू करण्याचा विचार व्हावा. परजिल्ह्यात उपचार घेणाऱ्या रुग्णासोबतच्या एका नातेवाइकाच्या निवासाची व भोजनाची सोय योजनेत अंतर्भूत व्हावी. रोवणीच्या दिवसांत घरातील कर्ता माणूस नागपूरच्या रुग्णालयात असेल, तर त्या कुटुंबाचे नुकसान केवळ रुग्णालयाच्या बिलात मोजता येत नाही. बिल शून्य झाले तरी शेत पडीक राहते. आरोग्यविषयक सुधारणांचे पुढील मूल्यमापन करताना हे पडीक शेतही हिशेबात धरले जाणे आवश्यक आहे.